सुबारू डब्ल्यूआरएक्सचा पिच स्टॉप: कोणता घ्यावा, कसा बसवावा

जुन्या डब्ल्यूआरएक्समध्ये क्लच सोडताना पुढून ‘धप्प’ आवाज येत असेल, ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की गाडी हिसका देत असेल, तर गिअरबॉक्स उघडायचा विचार करण्याआधी पिच स्टॉप बघा. वीतभर लांबीचा एक दांडा, दोन्ही टोकांना बुश (धक्का शोषणारं रबरी अस्तर), एवढंच ते. पण गाडीच्या सगळ्या हालचालीत त्याचा वाटा मोठा आहे, आणि तो घरी, साध्या हत्यारांनी बदलता येतो. सुबारू भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे हे मुख्यतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये डब्ल्यूआरएक्स बाळगणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. पुढची पद्धत 2002 ते 2014 या मॉडेलांची आहे, ज्यांत इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा भाग) इंजिनाच्या वर बसतो.

हा दांडा नेमकं काय करतो? सुबारूचं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं आणि पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) गिअरबॉक्सच्याच कवचात असतो. चाकं जोरात फिरवायला निघालं की त्याची प्रतिक्रिया उलट्या दिशेने त्या कवचावर येते, आणि इंजिनाचं नाक वर उचललं जातं. खालची दोन इंजिन माउंटिंग आणि गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर वजन पेलतात, पण ही डुलकी पूर्ण रोखत नाहीत. ते काम पिच स्टॉपचं. त्याचं एक टोक इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे वरच्या बाजूला, दुसरं फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर. बुशचं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं, चिरतं, आणि मग प्रत्येक गिअरबदलाला इंजिन आधी डुलतं, गाडी नंतर निघते.

आधी तपासणी. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, एकाला गाडीत बसवा. त्याने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा. तुम्ही बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नाही. इंजिन थोडं हललं तर ते स्वाभाविक आहे. उसळी घेऊन आपटत असेल तर नाही. मग टॉर्च घेऊन खालची मुख्य माउंटिंगही बघा. ती फाटलेली असतील तर आधी ती बदला. मुख्य माउंटिंग ढिली ठेवून वर कडक पिच स्टॉप लावला, तर सगळा भार आणि सगळी थरथर त्या एका दांड्यातून फायरवॉलवर जाते. आवाज वाढतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

खरेदीत खरा प्रश्न कडकपणाचा आहे. एसटीआयचा (सुबारूची स्पर्धा-गाड्यांची शाखा) ग्रुप एन पिच स्टॉप रबरीच असतो, फक्त मूळ रबरापेक्षा कडक. ग्रुप एन हा कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या जवळपास राहणाऱ्या रॅली गाड्यांचा वर्ग. त्या वर्गासाठीच्या भागांचं नाव याला लागलं. त्यापुढे पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिक) बुशवाले: पेरिन, व्हाइटलाइन, कार्टबॉय, कुस्को अशा कंपन्यांचे. पॉलियुरेथेनची कठीणता ‘शोर ए’ या मापात सांगतात. आकडा जितका मोठा, तितका बुश कडक आणि तितकी थरथर आत जास्त. रोज ऑफिसला जायची गाडी असेल तर मी ग्रुप एनच घ्या म्हणेन. गिअर नेमका पडू लागतो, आणि सिग्नलला एसी चालू असताना आरसा थरथरत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी पॉलियुरेथेन घ्यावा. लांबी कमी-जास्त करता येणारे दांडेही मिळतात, पण रस्त्यावरच्या गाडीला त्यांची गरज नाही; लांबी चुकली की इंजिन कायम ताणात बसतं. मागवताना मॉडेलचं वर्ष आणि गिअरबॉक्सचा प्रकार दोन्ही जुळवून घ्या.

हत्यारं: 12 आणि 14 मिमीचे सॉकेट, लांब एक्सटेन्शन, 14 चा रिंग पाना, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क रेंच, गंज सोडवणारं तेल आणि दोन मोठी, भडक रंगाची फडकी. फडक्यांचं कारण पुढे येईल.

इंजिन पूर्ण गार असू द्या. टर्बो शेजारीच आहे, आणि तो बराच वेळ तापलेला राहतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकामागे ठोकळा लावून, न्यूट्रलमध्ये ठेवा. इंटरकूलर काढायचा तर आधी बायपास व्हॉल्व्हचे (जादा दाबाची हवा सोडणारी झडप) दोन बोल्ट काढून तो बाजूला करा. त्याचं गॅस्केट जपा. मग थ्रॉटल बॉडीकडचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि टर्बोकडचा क्लॅम्प ढिला करा, लहान होज असतील तर सोडवा, आणि दोन्ही कडांचे 12 चे बोल्ट काढा. इंटरकूलर डावी-उजवीकडे हलवत वर उचला. होज चिकटला असेल तर हाताने पिळून सोडवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनिअमला ओरखडे पडतात आणि तिथूनच पुढे हवा गळते.

आता टर्बोचं तोंड आणि थ्रॉटल बॉडी, दोन्ही त्या भडक फडक्यांनी झाका. यात एक नट पडला तर इंजिन उघडावं लागू शकतं. फडकं मोठं आणि ठळक हवं, म्हणजे परत जोडताना ते आत विसरलं जात नाही.

पिच स्टॉप आता समोर दिसेल. दोन्ही टोकांना 14 चे नट-बोल्ट. तेल मारून थोडं थांबा, मग एका बाजूला रिंग पाना धरून दुसऱ्या बाजूने सॉकेटने सोडवा. नट निघाला आणि बोल्ट अडकला, तर तो ताणात आहे, ठोकू नका. कुणाला तरी इंजिन हाताने किंचित पुढे-मागे हलवायला सांगा, ताण गेला की बोल्ट सरकतो. 

जुना आणि नवा दांडा शेजारी ठेवून भोकांमधलं अंतर जुळतंय का बघा. नव्याला वर-खाली अशी बाजू असेल तर तीही. पॉलियुरेथेन बुशला सोबत आलेलंच ग्रीस लावा. दोन्ही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी घाला. एक आधीच आवळला तर दुसऱ्याचं भोक जुळत नाही. मग टॉर्क रेंचने इंजिनाकडचा 50 न्यूटन मीटर आणि फायरवॉलकडचा 58 न्यूटन मीटर आवळा. नव्या भागासोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

इंटरकूलर परत बसवणं हा सगळ्यात निगुतीने करायचा भाग. पिच स्टॉप चुकीचा बसणं अवघड. होज अर्धवट बसणं फार सोपं. दोन्ही फडकी काढा. होजच्या आतला तेलाचा थर पुसा, कडेला पाण्याचं बोट फिरवा आणि दोन्ही तोंडं पूर्ण आत गेलीत हे बोटांनी चाचपून बघा. कडांचे बोल्ट आधी हलके लावा, क्लॅम्प आवळा, मग बोल्ट घट्ट करा. बायपास व्हॉल्व्ह शेवटी.

गाडी सुरू करा. ‘सूऽऽ’ आवाज येत असेल किंवा आयडलिंग वर-खाली होत असेल, तर होज पुन्हा तपासा. जोर कमी वाटला तरी तेच. थोडी थरथर वाढणं अपेक्षित आहे, पॉलियुरेथेन असेल तर पहिल्या काही आठवड्यांत ती जरा निवते. पण ठराविक आरपीएमलाच धातूसारखी घुमणारी थरथर असेल, तर जाड दांडा इंटरकूलरच्या बुडाला किंवा एखाद्या पाइपला टेकतोय का पाहा. काहीशे किलोमीटरनंतर दोन्ही बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा.

आपल्याकडे पोलो किंवा ऑक्टाव्हिया चालवणाऱ्यांना हाच फायदा वेगळ्या जागी मिळतो. त्यांचं इंजिन आडवं असतं आणि झोका रोखणारा ‘डॉगबोन’ खाली, गिअरबॉक्स आणि सबफ्रेमच्या (गाडीखालची आधाराची चौकट) मध्ये. त्याच्या बुशच्या पोकळीत पॉलियुरेथेनचा तुकडा भरतात. त्यासाठी गाडी उचलून स्टँडवर घ्यावी लागते, नुसत्या जॅकवर कधीही नाही. आणि तिथले बोल्ट अंशांत फिरवून आवळायचे, एकदाच वापरायचे असतात, म्हणून तुकड्याबरोबर नवे बोल्टही मागवा.