जुन्या डिझेल पंपाची जागा तपासताना मे आणि मिरग दोन्ही गाठा

कोकण किनाऱ्यावर इंधन साठवणुकीच्या बंद पडलेल्या जागा गावोगाव सापडतात. जेट्टीवरचे मच्छीमारांचे डिझेल पंप, रॉकेलची गोदामं, रस्तारुंदीत गेलेले पेट्रोल पंप. जागा विकली जाते, तिथे घर उभं राहतं, पण खालची वाडी त्याच विहिरीचं पाणी पीत राहते. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात भूजल तपासणीचं काम करते. अशी जागा तपासायला निघालेल्या सरपंचांना आणि जमीन घेणाऱ्यांना माझा पहिला आग्रह असतो, एका नमुन्यावर निकाल लावू नका.

सुरुवात माणसांपासून करा. पंपावर काम केलेला कोणीतरी गावात असतोच. टाकी कुठे पुरली होती, टँकर कुठे उभा राहायचा, कुठल्या कोपऱ्यात गवत उगवत नसे, हे त्याला माहीत असतं. गळती टाकीच्या पोटापेक्षा पाइपच्या सांध्यांत आणि भरण्याच्या तोंडाशी जास्त होते, म्हणून त्या जागा त्याच्याकडून नेमक्या दाखवून घ्या. परवान्यासोबत पेसोने (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी केंद्राची संस्था) मंजूर केलेला नकाशा आणि साठ्याच्या नोंदवह्या मूळ मालकाकडे मागा. मग पाणी भरणाऱ्या बायकांशी बोला. खाडीलगतच्या एका वाडीत एक आजी मला म्हणाल्या, “मिरगाच्या पावसात वास येता, गणपतीपर्यंत जाता.” त्या एका वाक्यावर मी सगळ्या नमुन्यांचं वेळापत्रक बदललं.

कारण असं. पेट्रोल आणि डिझेल पाण्याहून हलकं, ते भूजलावर तरंगतं. आपल्याकडे जांभ्यातलं पाणी मे महिन्यात खोल जातं आणि पावसात झपाट्याने वर येतं. तेल पाण्याबरोबर खाली उतरताना मातीला आणि जांभ्याच्या छिद्रांना चिकटत जातं. पाऊस आला की पाणी त्याच पट्ट्यातून वर चढतं आणि चिकटलेलं तेल धुऊन विरघळवतं. म्हणून तरंगता थर मोजायचा तर मे अखेर, आणि विरघळलेला अंश पकडायचा तर मिरगाच्या, म्हणजे जूनमधल्या पहिल्या पावसांनंतर. भर पावसाळ्यात तेल पाण्याखाली अडकून राहतं, विहिरीत थर दिसत नाही, आणि त्या कोऱ्या अहवालावर जागा विकली जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. जवळच्या विहिरीच्या नोंदी मिळवल्या तर पाणी किती चढतं-उतरतं याचा अंदाज आधीच येतो.

पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला म्हणून लगेच घाबरू नका. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि लोहजीवाणूंचा तवंगही असाच चमकतो. काठीने ढवळून बघा. जीवाणूंचा तवंग तुकडे होऊन तुटतो आणि तुकडे तसेच राहतात, तेलाचा तवंग फाटतो आणि पुन्हा मिळून येतो. ही फक्त पहिली चाचणी. इंधन कुजताना जमिनीतला प्राणवायू संपतो आणि त्यामुळेही लोह जास्त विरघळतं, तेव्हा लालसर गाळ अचानक वाढला असेल तर तीही खूण समजा.

भोकं पाडताना घाई नको. जांभ्यात साधा हातगिरमिट अडकतो, म्हणून लोक बोअरवेलची गाडी बोलावतात. तिच्या दाबाच्या हवेने मातीतली इंधनाची वाफ उडून जाते आणि कंप्रेसरचं तेल नमुन्यात मिसळतं. उथळ तपासणीसाठी जेसीबीने खड्डा घ्या, पण त्यात कोणी उतरायचं नाही, माती बकेटमधूनच घ्या. खोल जायचं तर कोअर, म्हणजे मातीचा अखंड दंडगोल काढणारं यंत्र मागवा. दर अर्ध्या मीटरला माती पिशवीत बंद करून थोडा वेळ उन्हात ठेवा आणि वाफ मोजणाऱ्या यंत्राने आकडा घ्या. ज्या थरात आकडा चढतो तिथली माती प्रयोगशाळेला. जांभ्याखालच्या चिकण पांढुरक्या मातीपर्यंत पोचलात की थांबा. ती भेदली तर वरचं तेल खाली उतरायला वाट तुम्हीच करून द्याल.

भूजलाची पातळी आणि नमुने घ्यायला किमान तीन निरीक्षण नळ्या बसवा, एका रेषेत नाही, त्रिकोणात. जाळीचा भाग मे आणि ऑगस्ट दोन्हींची पातळी सामावेल इतका लांब हवा, आणि वरून बेंटोनाइटचं, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचं बूच. पीव्हीसीचा गोंद वापरू नका, त्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. नळ्यांच्या तोंडांची उंची लेव्हलने मोजली की पाणी कुणाच्या विहिरीकडे जातं ते कळतं. खाडीजवळ मात्र भरती-ओहोटीने प्रवाह उलटतो. तिथे साडेबारा तास, म्हणजे भरतीपासून भरतीपर्यंत, दर तासाला पातळी घ्या.

पाण्याचा नमुना मोटरने काढू नका, हवा मिसळून इंधनातलं बेंझीन उडून जातं. बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली नमुना काढायची नळी, हळूच सोडा. ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा. बुडबुडा दिसला तर ती टाका, दुसरी घ्या. कुपीत प्रयोगशाळेने आधीच आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे ती विसळायची नाही. बर्फ जेट्टीवर मिळेल, पण पेटी बोटीवरची नको, ती डिझेल प्यालेली असते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी पाठवा, म्हणजे प्रवासात काही मिसळलं का ते समजेल.

कुठली चाचणी करायची ते इंधनावर ठरतं. पेट्रोल असेल तर बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन. २००० सालाआधीचा पंप असेल तर शिसंही. डिझेल-रॉकेलला एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि नॅफ्थलीन. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नाकाला वास येईपर्यंत ती कितीतरी पट ओलांडलेली असते.

टाकी अजून जमिनीत असेल तर भंगारवाल्याला गॅसकटर लावू देऊ नका. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी स्फोट होतो, आणि ‘रिकामी’ टाकी वाफेने भरलेली असते. विहिरीत वास येत असेल तर कोणालाही आत उतरवू नका.

निकाल वाईट आला तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पिण्याचं पाणी दुसरीकडून सुरू करायला लावा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने इंधन जात नाही. उकळल्याने इंधनाची वाफ चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जाते. अहवालाची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करा. आणि निकाल चांगला आला, पण नमुने एकाच ऋतूतले असतील, तर खरेदीखतावर सही पुढच्या मिरगापर्यंत लांबवा.