नवा नालबंद नेमण्याआधी

जुना नालबंद थकला की पहिली चौकशी पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी घोडी चालवणाऱ्यांकडे करा. त्यांचं पोट घोड्याच्या टापांवर आहे, तिथं कच्चा माणूस टिकत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारून ठेवा. बैलांना पत्री, म्हणजे बैलाची नाल, मारणारा जवळपास सापडेल, पण बैलाचा खूर दुभंगलेला आणि घोड्याचा अखंड. ते काम वेगळं, हेही वेगळं.

नाव मिळालं म्हणून लगेच आपली घोडी पुढे करू नका. दुसऱ्याच्या घोड्याला नाल मारताना शेजारी उभं राहून बघा. जनावराला आधी चालवून पाहतो का? खुराप्रमाणे नाल वाकवतो, की नालेत बसावा म्हणून खूरच कानशीनं घासतो? दुसरा प्रकार दिसला तर तिथूनच माघारी फिरा. खिळ्यांची टोकं खुराच्या बाहेरच्या बाजूला साधारण एका रेषेत निघायला हवीत.

आम्ही एकदा घाईत, न बघता एकाला बोलावलं. संध्याकाळी घोडी पाय टेकेना. हात लावला तर तो खूर बाकीच्यांपेक्षा गरम. एक खिळा आत जिवंत भागात गेला होता. काढला तेव्हा टोकाला रक्त होतं. लगेच डॉक्टरांना बोलावून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण तिचं ते थरथरणं अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून पहिल्या खेपेला सगळ्यात शांत जनावर द्या, आणि दुसऱ्या दिवशी कडक जमिनीवर चालवून बघा. पुन्हा नाल मारायची सहा ते आठ आठवड्यांनंतरची तारीख त्याच्याकडून तिथंच घ्या.