पासवर्ड बदलला तरी चोर आतच? संस्थेची लॉगिन-सेशन्स कशी सांभाळावीत

जुलै २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका फिशिंग मोहिमेचा, म्हणजे फसव्या मेलमधून लॉगिन चोरणाऱ्या मोहिमेचा, तपशील जाहीर केला. सप्टेंबर २०२१ पासून दहा हजारांहून जास्त संस्था तिचं लक्ष्य झाल्या होत्या. पासवर्डनंतर दुसरी पडताळणी लावलेली खातीही या मोहिमेत उघडता येत होती. आत शिरल्यावर चोर मेलमधली बिलांची, पैशांची बोलणी शोधायचे आणि त्याच धाग्यात उत्तर लिहून रक्कम आपल्या खात्याकडे वळवू पाहायचे. काही वेळा लॉगिन चोरीला गेल्यापासून पाच मिनिटांत हे सुरू झालेलं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत सुरक्षेची समजूत 'ओटीपी कुणाला सांगू नका' इथे संपते. सल्ला बरोबर आहे, पण या हल्ल्यात ओटीपी कुणी विचारतच नाही. तो आपणच टाइप करतो, आणि खऱ्या साइटच्या पानावर टाकतोय अशी आपली खात्री असते.

ते असं घडतं. मेलमधली लिंक चोराच्या सर्व्हरवर नेते. तो सर्व्हर खऱ्या साइटकडून खरं लॉगिन-पान आणून तुम्हाला दाखवतो. लोगो खरा, भाषा खरी, एकही शब्द चुकलेला नसतो. तुम्ही पासवर्ड टाकता, तो पुढे खऱ्या साइटकडे जातो. ओटीपी येतो, तोही पुढे जातो. खरी साइट समाधानाने लॉगिन मान्य करते आणि ब्राउझरसाठी एक सेशन कुकी देते. लॉगिन झाल्यापासून लॉगआउटपर्यंतचा काळ म्हणजे सेशन, आणि ते चालू असल्याची ब्राउझरमधली छोटी नोंद म्हणजे ही कुकी. मध्ये बसलेला सर्व्हर तिची प्रत ठेवून घेतो. ती जणू नाट्यगृहाच्या दारावर तिकीट तपासून मनगटावर मारलेला शिक्का. शिक्का दिसला की पुन्हा तिकीट विचारत नाहीत. तोच शिक्का दुसऱ्याच्या मनगटावर उमटवता आला, तर त्यालाही विचारत नाहीत.

फसवं पान हा एकच मार्ग नाही. संगणकात शिरलेला चोरटा प्रोग्राम ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज एका दमात उचलून नेतो. मार्च २०२३ मध्ये दीड कोटीहून जास्त सदस्य असलेलं 'लायनस टेक टिप्स' हे यूट्यूब चॅनल असंच गेलं. जाहिरातीच्या प्रस्तावाची पीडीएफ वाटावी अशी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली, आणि पासवर्ड किंवा ओटीपी न विचारता चोर चॅनलचे मालक झाले. हे तंत्रज्ञानावरच कार्यक्रम करणारे लोक. तेव्हा 'आमचे लोक हुशार आहेत' यावर कुणी विसंबू नये.

आता कामाला लागू. पुढच्या पायऱ्या पतसंस्था, शाळा, सीएचं कार्यालय किंवा वीस-पंचवीस माणसांचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १ : कोणती खाती, कुणाच्या हातात

एक तक्ता करा. मेल, गुगल किंवा मायक्रोसॉफ्टचं अॅडमिन खातं, नेटबँकिंग, जीएसटी पोर्टल, वेबसाइटच्या डोमेनचं खातं, फेसबुक पान, व्हॉट्सअॅप वेब. प्रत्येकासमोर लिहा : कोण वापरतं, कोणत्या संगणकावरून, आणि एकच पासवर्ड कितीजणांना ठाऊक आहे. मेल आणि अॅडमिन खातं सगळ्यात वर ठेवा, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. कार्यालयाचा एकच मेल चौघे एकाच पासवर्डने वापरत असतील तर ते आधी थांबवा. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे प्रत्येकाला स्वतःच्या लॉगिनने सामाईक मेलबॉक्स उघडून देता येतो.

पायरी २ : फसव्या पत्त्यावर न चालणारी किल्ली

सगळ्या उपायांत एकच करता येणार असेल तर हा करा.

पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली, पासवर्डच्या जागी चालणारी किल्ली) किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली ज्या साइटसाठी नोंदवली, त्या साइटचा पत्ता किल्लीशी कायमचा बांधलेला असतो. पान कितीही हुबेहूब असो, ब्राउझरच्या पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी किल्ली उत्तर देत नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही, आणि चोराला पुढे पाठवायला काही मिळत नाही.

जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना फसवे एसएमएस आले. तिघांनी खोट्या पानावर आपले पासवर्ड टाकलेही. पण तिथे प्रत्येकाला सुरक्षा-किल्ली सक्तीची होती, त्यामुळे चोर आत जाऊ शकला नाही. त्याच सुमारास अशाच हल्ल्यात ट्विलिओ या कंपनीच्या यंत्रणेत मात्र चोर शिरले.

सुरुवात अॅडमिन, हिशेब विभाग आणि संस्थाप्रमुख यांच्यापासून करा. प्रमुखांना 'साहेबांना त्रास नको' म्हणून सूट दिली जाते, ती देऊ नका. त्यांच्या नावाने गेलेल्या मेलवर सगळ्यात पटकन पैसे सुटतात. फोनमधली पासकी फुकट आहे. अॅडमिनसाठी मात्र वेगळ्या दोन किल्ल्या विकत घ्या, एक वापरात आणि एक तिजोरीत. मग सेटिंगमध्ये जाऊन या खात्यांसाठी एसएमएस ओटीपीचा पर्याय पूर्ण बंद करा. हे अनेकजण विसरतात. मागचं दार उघडं राहिलं की खोटं पान 'दुसऱ्या पद्धतीने लॉगिन करा' म्हणतं आणि माणूस परत ओटीपीवर येतो.

बहुतेक बँका आणि सरकारी पोर्टलं ओटीपीवर चालतात, तिथे सहसा तुमच्या हातात किल्लीचा पर्याय नसतो. अशा साइट्स मेलमधून, एसएमएसमधून किंवा गुगलवर शोधून कधीही उघडू नका. पत्ता एकदा नीट तपासून बुकमार्क करा आणि तिथूनच जा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं होतं. जुने बुकमार्क असतील तर आता नवे करून घ्या.

पायरी ३ : ब्राउझर साफ करा

कामाच्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये कुणाचंही खासगी गुगल खातं जोडलेलं नको. २०२३ मध्ये ओक्टा ही लॉगिन-सेवा देणारीच कंपनी यात सापडली. एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये स्वतःचं खासगी खातं उघडलं होतं, आणि कंपनीच्या एका अंतर्गत खात्याचा पासवर्ड त्या खासगी खात्यात जतन झाला होता. चोर ग्राहक-मदतीच्या यंत्रणेत पोचले. ग्राहकांनी आपली अडचण दाखवण्यासाठी पाठवलेल्या ब्राउझरच्या नोंदी तिथे होत्या आणि त्यांतल्या काहींत जिवंत सेशन होती. १३४ ग्राहकांच्या फाइल्स पाहिल्या गेल्या आणि त्यांतल्या पाच ग्राहकांची सेशन पळवली गेली. म्हणून कुठल्याही कंपनीच्या मदतनीसाला ब्राउझरची नोंद पाठवायची वेळ आली, तर आधी तिच्यातल्या कुकीज काढा आणि त्या साइटवरून लॉगआउट व्हा.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, हा त्याहून दुर्लक्षित धोका. कूपन शोधणारं, पीडीएफ जोडणारं, स्क्रीनशॉट घेणारं असं काहीबाही कुणी कधीतरी टाकलेलं असतं. त्यांतल्या अनेकांना प्रत्येक पान वाचायची परवानगी असते. चांगलं एक्स्टेन्शनही रातोरात बिघडू शकतं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या माहिती-सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याला, तुमचं एक्स्टेन्शन काढून टाकलं जाईल अशा धमकीचा मेल आला. त्याने एका अॅपला परवानगी दिली, आणि चोरांनी ऐन नाताळात त्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती लाखो वापरकर्त्यांना पाठवली. वापरकर्त्यांनी काहीही क्लिक केलं नव्हतं. अपडेट आपोआप आला होता. त्यामुळे अॅडमिन पॅनलमधून सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा आणि लागतील तेवढीच नावानिशी चालू करा. पाच-सहाच्या वर यादी जात असेल तर प्रत्येकाचं कारण विचारा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कार्यालयात नको, एकही नको. कुकीचोर प्रोग्राम पसरायचा तो नेहमीचा रस्ता आहे.

आणि २०२४ पासून जोरात चाललेली एक युक्ती सगळ्यांना प्रत्यक्ष करून दाखवा. एखादं पान 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणतं, आणि विंडोजचं बटण व आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर दाबा असं सांगतं. पेस्ट होते ती चोराची आज्ञा. पानाने ती आधीच क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. रोजच्या वापराच्या लॉगिनला संगणकाचे अॅडमिन अधिकार देऊ नका. नुकसान आटोक्यात राहतं. कुकी चोरायला मात्र त्या अधिकारांची गरज पडतेच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्याच्या गप्प राहण्याकडे लक्ष द्या. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर हाताने टाइप करू नका. आधी पत्ता वाचा.

पायरी ४ : सेशनचं आयुष्य कमी करा

टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. गुगल वर्कस्पेसमध्ये वेब-सेशन मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस चालतं. म्हणजे आज चोरलेली कुकी चोराला दोन आठवडे पुरू शकते. ज्या प्लॅनमध्ये सोय आहे तिथे अॅडमिन पॅनलच्या सुरक्षा विभागातून ही मुदत कमी करा. अॅडमिन आणि हिशेबाच्या खात्यांना कामाच्या एका दिवसाएवढी मुदत योग्य. सगळ्यांनाच तासातासाला बाहेर काढू नका. दिवसातून दहादा पासवर्ड मागितला की माणूस न बघता टाकायला लागतो, आणि खोटं पानही त्याला रोजचंच वाटतं.

मायक्रोसॉफ्टच्या काही प्लॅनमध्ये फक्त संस्थेच्या नोंदणीकृत संगणकावरूनच लॉगिन होऊ द्यायचं, असा नियम लावता येतो. परवडत असेल तर नक्की लावा. व्हॉट्सअॅपची 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी दर सोमवारी पाहा आणि अनोळखी उपकरण लगेच काढा.

पायरी ५ : पैशाचा नियम मेलबाहेर ठेवा

पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करूनच बदल करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. नेटबँकिंगमध्ये व्यवहार भरणारा आणि मंजूर करणारा वेगळा ठेवा, आणि दोघांचे संगणकही वेगळे.

पायरी ६ : घुसखोरी झालीच तर, या क्रमाने

इथे क्रम चुकला की मेहनत वाया जाते. बहुतेकजण आधी पासवर्ड बदलतात, सुटलो म्हणतात आणि थांबतात. पण चोराच्या हातात सेशनही असतं, आणि पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक सेवा जुनी सेशन तोडतेच असं नाही.

संशयित संगणकाचं नेट तोडा. पुढचं सगळं दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून करा. नाहीतर नवा पासवर्ड आणि नवी कुकीही त्याच वाटेने जाईल.

आधी सगळी सेशन्स तोडा. गुगलच्या अॅडमिन पॅनलमध्ये त्या वापरकर्त्याच्या सुरक्षा भागात 'रिसेट साइन-इन कुकीज' आहे, मायक्रोसॉफ्टमध्ये 'रिव्होक सेशन्स'. मायक्रोसॉफ्टमध्ये आधीच दिलेली परवानगी तासाभरापर्यंत चालू राहू शकते, म्हणून तेवढा वेळ खातंच बंद ठेवलेलं बरं. पासवर्ड त्यानंतर बदला.

मग चोराने मागे ठेवलेल्या वाटा शोधा. मेल दुसरीकडे पाठवणारा फॉरवर्ड लावला आहे का? 'बिल' किंवा 'पेमेंट' शब्द असलेले मेल गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकणारा फिल्टर? नवा रिकव्हरी नंबर, नवी पासकी, अनोळखी अॅपला दिलेली परवानगी? अशी परवानगी पासवर्ड बदलूनही टिकू शकते, ती वेगळी रद्द करावी लागते. संगणकात प्रोग्राम शिरल्याची शंका असेल तर तो पुसून नव्याने विंडोज टाकल्याशिवाय त्यावर लॉगिन करू नका.

पैसे गेले असतील तर ही साफसफाई दुसऱ्यावर सोपवून लगेच बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवायची असते, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तेव्हा घाईत नोंदी पुसू नका. त्या खात्यावरून ज्यांना मेल गेले त्यांनाही त्याच दिवशी फोन करा.

पायरी ७ : सांगणाऱ्याला ओरडू नका

क्लिक झाल्यावर पाच मिनिटांत सांगणारा कर्मचारी संस्थेला वाचवतो. भीतीने दोन दिवस गप्प राहणारा वाचवू शकत नाही, आणि ती भीती बहुतेक वेळा वरिष्ठांनीच घातलेली असते. चुकून क्लिक केल्याबद्दल कुणाचा पगार कापला जाणार नाही, हे लेखी जाहीर करा. शिपाई, तात्पुरते कामगार, शिकाऊ मुलं यांनाही ते वाचून दाखवा.

एका कागदावर सहाव्या पायरीचा क्रम, सेशन तोडण्याचे अधिकार असलेल्या दोघांचे मोबाइल नंबर, बँकेचा नंबर आणि १९३० छापून हिशेबाच्या टेबलाशेजारी लावा. छापीलच हवा, त्या दिवशी मेल आणि ड्राइव्ह उघडतीलच असं नाही. आणि एखाद्या शनिवारी दुपारी एक चाचणी खातं घेऊन त्या दोघांपैकी एकाला, दुसऱ्याच्या मदतीशिवाय, सगळी सेशन्स तोडून दाखवायला सांगा. बटण कुठे आहे ते शोधण्यात वेळ गेला, तर तो मार्गही कागदावर लिहून घ्या.