अनवाणी टेकडी चढताय? आधी या चुका टाळा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मी पहिल्यांदा अनवाणी गेले तेव्हा मार्च संपत आला होता. सकाळी सातला माती गार होती, पाय इतके सुखावले की चपला गाडीतच ठेवल्याचं काहीच वाटलं नाही. उतरायला दहा वाजून गेले. तोवर काळा कातळ तापला होता आणि गिरिपुष्पाची झाडं निष्पर्ण, त्यामुळे सावली नावापुरतीच. खाली पोचेपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले होते. पुढचे आठ दिवस मी घरात टाचांवर चालत होते.

म्हणून सगळ्यात आधी हे: चपला गाडीत किंवा घरी ठेवू नका, पाठीवरच्या पिशवीत ठेवा. अनवाणी चालणं म्हणजे नवस नव्हे. कातळ तापला, पायवाटेवर नवी खडी टाकलेली दिसली, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा दिसल्या, की निमूट चपला घालाव्यात. आपल्या टेकड्यांवर काचा असतात, विशेषतः जिथे संध्याकाळी टोळकी बसतात त्या कट्ट्यांभोवती.

पहिल्याच दिवशी सिंहगड नको

“वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंत अनवाणी जातात, मग मला सिंहगड का जमू नये?” असं मला अनेकांनी विचारलंय. एक तर सगळेच वारकरी अनवाणी नसतात. जे असतात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे पाय लहानपणापासून शेतात, बांधावर तयार झालेले असतात. आपले पाय वर्षानुवर्षं बुटात बसलेत. तळव्याची कातडी काही आठवड्यांत निबर होते, पण आतले स्नायू, शिरा आणि हाडं यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. घोटाळा नेमका इथेच होतो. कातडी दुखेनाशी झाली की आपण अंतर वाढवतो आणि मग पोटऱ्या भरून येतात, टाचेमागची शीर धरते. कधी पावलाच्या मधल्या लांब हाडांना बारीक तडा जातो. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट लावल्यावर कळ येत असेल आणि चालताना ती वाढत असेल, तर चालणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर मालिश करू नका.

सुरुवात दहा मिनिटांची पुरे. तळजाईच्या मातीच्या वाटेवर आधी दहा मिनिटं अनवाणी, उरलेली फेरी बुटात. दोन दिवस पाय कसे राहतात ते बघून मग वाढवा. सिंहगडाची आतकरवाडीची वाट काही महिन्यांनी, तीही चढताना. उतरताना सगळं वजन पुढच्या पावलावर येतं आणि मुरमावरून पाय घसरतो, त्यामुळे उतरण शेवटी शिकायची.

बुटातली चाल अनवाणी पायांनी चालू नका

जाड तळाच्या बुटात आपण लांब ढांगा टाकतो आणि टाच आपटतो. अनवाणी तसं केलं तर दणका थेट गुडघ्यापर्यंत जातो. पावलं छोटी ठेवा, पाय शरीराखालीच टेकवा आणि पूर्ण भार टाकण्याआधी जमीन चाचपून घ्या. हे जमायला लागलं की जी मजा येते ती मला शब्दांत नीट सांगता येत नाही. दवाने भिजलेलं गवत, त्याच्या शेजारी गुळगुळीत दगड, पुढे वाळलेल्या पानांचा चुरा: प्रत्येक पावलाला वेगळं काहीतरी कळत राहतं आणि डोक्यातली गडबड आपोआप शमते. एवढ्यासाठीच मी हा सगळा खटाटोप करते.

काटा आणि बिब्बा

बाभूळ, हिवर, बोर, वाटेकडेचा सराटा: पुण्याच्या टेकड्यांवर काट्यांना तोटा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यात कुसळाची भर पडते. कुसळाची शेपटी ओलाव्याने पिळवटते आणि टोक आत आत शिरतं, म्हणून ते दिसल्याबरोबर काढा, “घरी गेल्यावर बघू” म्हणू नका.

काटा काढताना लोक दोन्ही अंगठ्यांनी दाबतात, त्याने तो मोडतो आणि आणखी खोल जातो. पाय साबणाने धुवा, कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग उकळलेली सुई आणि चिमटा घेऊन उजेडात बसा. काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने मागे ओढा. आमची आजी काटा रुतला की बिब्बा तापवून लावायची. तिच्या काळात दुसरं हाताशी नव्हतं. पण बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, तेव्हा तो मोह टाळा. टोक आत राहिलं तर काही आठवड्यांनी तिथे कडक गाठ होते आणि कुरूप समजून माणूस कॉर्न कॅप लावत बसतो. अशी दुखरी गाठ डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवत नसेल, तर चालायला लागण्याआधीच विचारून घ्या.

पावसाळ्यात

शेवाळलेल्या कातळावर अनवाणी पायही सटकतो. तासन्‌तास ओलं राहिल्याने कातडी मऊ पडते, बोटांमध्ये चिखल्या होतात, बारीक चिरा पडतात. अशा पायांनी साचलेल्या पाण्यात उतरू नका, कारण लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशा चिरांमधून आत शिरतात. जिथे लोक शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीतून आकडेकृमी (हुकवर्म) धडधाकट कातडीतूनही शिरते. परतल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

अंधारात आणि पालापाचोळ्यात

तिन्हीसांजेनंतर अनवाणी चालू नये. फुरसं लहान, मातीच्या रंगाचं, दगडांच्या आडोशाला बसलेलं असतं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. साप चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र अनवाणी डोंगरात जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तळव्याची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, जखम कळत नाही आणि ती चिघळते. माझ्या मामांच्या पायात खिळा होता, तो त्यांना चपलेवर रक्त दिसल्यावर कळला. तेव्हापासून कुणीही सोबत यायचं म्हटलं की मी आधी साखरेचं विचारते, मगच वेळ ठरवते.