चेंजलॉगचं काम गळ्यात पडलं तर

"अरे, या वेळचा चेंजलॉग तू बनव." चेंजलॉग म्हणजे नव्या आवृत्तीत काय काय बदललं याची यादी. रिलीज जवळ आला की हे काम हमखास नवख्याच्या गळ्यात पडतं, माझ्याही पडलं होतं. कुरकुर न करता घ्या. प्रॉडक्ट कसं बदलतंय हे इतक्या लवकर दुसरीकडे कुठे कळत नाही.

ही यादी आपोआप बनवणारं टूल शोधण्याआधी मागच्या टॅगपासून (आवृत्तीवर लावलेली खूण) हेडपर्यंतचा (आत्ताचा शेवटचा कमिट) गिट लॉग, म्हणजे कमिटची, नोंदवलेल्या बदलांची, यादी, मर्ज कमिट (फांद्या जोडताना पडणारे) वगळून, एकेका ओळीत काढा आणि वाचा. माझ्या पहिल्या प्रोजेक्टात निघालं ते असं: "फिक्स", "फायनल फिक्स", "सरांनी सांगितलेले बदल". यातून टूल काय डोंबल काढणार!

म्हणून कन्व्हेन्शनल कमिट्स, म्हणजे कमिटचे संदेश ठरलेल्या साच्यात लिहिणं. मूळ पद्धत अँग्युलर या वेब फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टची: संदेशाच्या सुरुवातीला प्रकार लिहायचा. नवी सोय असेल तर 'फीट' (feat), दुरुस्ती असेल तर 'फिक्स', जुनं काही मोडणार असेल तर प्रकारापुढे उद्गारचिन्ह. यावरून टूल यादीही लावतं आणि पुढचा क्रमांकही ठरवतं. 2.3.1 नंतर नुसत्या दुरुस्त्या असतील तर 2.3.2, नवी सोय आली तर 2.4.0, मोडतोड असेल तर 3.0.0.

प्रत्येक कमिट शिस्तीत लिहा म्हणून सगळ्यांच्या मागे लागू नका. दोन आठवड्यांत कुणी ऐकेनासं होतं. स्क्वॉश मर्ज ठेवा, म्हणजे पुल रिक्वेस्टमधले (पीआर, बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) सगळे कमिट मर्ज होताना एकच होतात, आणि फक्त पीआरचा मथळा तपासा, तोही सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत). मात्र पीआरमध्ये एकच कमिट असेल तर गिटहब मुळात त्या कमिटचाच मथळा उचलतं. पीआरचा मथळा हवा असेल तर रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं.

आणखी एक हमखास अडचण. स्वतःच्या लॅपटॉपवर यादी नीट येते, गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या सीआयवर) मात्र रिकामी. कारण तिथली कोड आणणारी चेकआउटची पायरी फक्त शेवटचा एक कमिट आणते, मागचे टॅग तिथे नसतातच. त्या पायरीत फेच-डेप्थ (fetch-depth, किती कमिट आणायचे) 0 केलं की इतिहास आणि टॅग दोन्ही येतात.

टूल्स बरीच आहेत. गिट-क्लिफ रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे, प्रोजेक्ट कुठल्याही भाषेतला असला तरी चालतं आणि यादीचा साचा हवा तसा बदलता येतो. सिमँटिक-रिलीज प्रकाशनासकट सगळं उरकतं. जुन्या ट्युटोरियलमधलं स्टँडर्ड-व्हर्जन आता बंद केलेलं आहे, त्याच्या नादी लागू नका. मला रिलीज-प्लीज आवडतं: ते यादी भरलेली एक पीआर उघडून ठेवतं, ती मर्ज केली की टॅग पडतो. मधल्या वेळात माणसाला यादी वाचता येते.

आणि वाचावीच लागते. चेंजलॉग कसा लिहावा हे सांगणाऱ्या 'कीप अ चेंजलॉग' साइटवाल्यांचा कमिटची यादी जशीच्या तशी ओतायला ठाम विरोध आहे. लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामर आपल्या कोडमध्ये वापरतात तो कोड) बाबतीत मला तो जरा जास्तच वाटतो, कारण वाचणारेही प्रोग्रामरच. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र शंभर टक्के लागू. "फिक्स: इन्व्हॉइस सर्व्हिसमध्ये नल चेक" वाचून दुकानदाराला काय कळणार? तिथे लिहायचं, "ग्राहकाचा जीएसटी क्रमांक रिकामा असला तरी आता बिल छापलं जातं."

जुना इतिहास सुधारायच्या फंदात पडू नका. तो रीबेस करून (जुने कमिट नव्याने लिहून) पुश केलात तर सगळ्या टीमच्या शिव्या खाल. रिलीज-प्लीजच्या कॉन्फिगमध्ये बूटस्ट्रॅप-शा (bootstrap-sha) नावाची नोंद असते; तिथे आजच्या कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारा अक्षर-अंकांचा संच) टाका, त्यामागचं ते बघत नाही.