उत्स्फूर्त विनोदाचे दोन दिवस : तयारीची यादी, काळोख करणाऱ्या माणसासह

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी उत्स्फूर्त विनोदी नाट्याचा, म्हणजे मुले ज्याला ‘इम्प्रॉव्ह’ म्हणतात त्याचा, दोन दिवसांचा कार्यक्रम मी लातुरात घडवून आणला. दिवसा कार्यशाळा आणि संध्याकाळी प्रयोग असा तो बेत होता आणि रविवारच्या प्रयोगात तो माझ्याच हातून बिघडला. यंदा तीच जबाबदारी पुन्हा माझ्याकडे आली आहे आणि शेजारच्या तालुक्यांतील सांस्कृतिक विभागाच्या दोन सहकाऱ्यांनीही काय काय लागते ते विचारले आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. सतरंज्या, हार, फलक, स्मृतिचिन्हे आणि पाहुण्यांचा सत्कार हे आपल्याला झोपेतही जमते, त्यामुळे ते येथे नाही.

अगदी शेवटी लागणारी गोष्ट सर्वांत आधी लिहितो. रंगमंचावर काळोख कोण करणार, हे नावानिशी ठरवावे, आणि स्विचबोर्डच्या खोलीची किल्ली त्या माणसाच्या हातात, प्रत्यक्ष हातात, द्यावी. एकांकिकेत किंवा युवक महोत्सवाच्या प्रहसनात शेवटचे वाक्य ठरलेले असते, त्यामुळे दिवे घालवणारा संहिता पाहून बटण दाबतो आणि एखाद्या क्षणाचा उशीर झाला तरी कोणाचे बिघडत नाही. उत्स्फूर्त प्रवेशाला शेवटचे वाक्यच नसते. मंचावरील दोघे पुढचे काय बोलावे या विवंचनेत असतात, त्यांना शेवट आलेला दिसत नाही. तो बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो, आणि मोठा हशा उसळला की त्याच हशावर त्याने काळोख करायचा असतो. मी हे विसरलो याचे कारण असे की दोन दिवस कार्यशाळेत ते काम प्रशिक्षक टाळी वाजवून करत होते. रविवारी संध्याकाळी ते पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि त्यांची टाळी त्यांच्यासोबत गेली, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

उत्स्फूर्त प्रवेशाचा विषय प्रेक्षकच देतात, आणि त्या संध्याकाळी त्यांनी ‘बोअर’, म्हणजे विंधन विहीर, हा शब्द दिला होता. दोन भावांपैकी एक शेतकरी झाला, दुसरा तळहातावर नारळ धरून पाणाड्या झाला, आणि चौथ्या मिनिटाला पाणाड्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “पाणी आहे, पण शेजाऱ्याच्या रानात आहे.” सभागृह अक्षरशः कोसळले. तेथे काळोख व्हायला हवा होता. तो न झाल्यामुळे तिसरा मुलगा तलाठी होऊन आत आला, मग एक मुलगी मेलेल्या आजोबांचे भूत झाली, आणि प्रवेश एकोणीस मिनिटे चालला. मी विंगेतून स्विचबोर्डच्या खोलीकडे धावलो तर तिला कुलूप होते. किल्ली सभागृहाच्या सेवकाकडे होती आणि मीच त्याला सहापर्यंतचे सांगितलेले असल्यामुळे तो साडेसहाला घरी जेवत होता. अखेर गावातली वीज गेली, आपोआप काळोख झाला, आणि त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी पडली. प्रमुख पाहुण्यांनी शेवट फार नेमका साधल्याबद्दल माझे अभिनंदन केले आणि मी ते स्वीकारले.

तेव्हा किल्ली. एक काळोख करणाऱ्याकडे, दुसरी तुमच्या खिशात. खोली शनिवारी दुपारीच उघडून कोणते बटण काय बंद करते ते पाहावे आणि प्रत्येक बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवावी, कारण आपल्याकडील बहुतेक सभागृहांत वायरिंग टप्प्याटप्प्याने वाढलेले असते आणि मंचाच्या दिव्यासोबत ध्वनिक्षेपक किंवा प्रेक्षकांवरचे पंखेही एकाच बटणावर निघतात. दिवे कोणत्या जातीचे आहेत तेही पाहावे. हॅलोजन आणि एलईडी लगेच पेटतात. परंतु मंचावर मेटल हॅलाइडचे मोठे दिवे लावलेले असतील तर ते एकदा घालवल्यावर गार होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटे घेतात आणि तोवर पुढचा प्रवेश अंधारातच करावा लागतो. असे दिवे असतील तर ते संपूर्ण प्रयोगभर बंद ठेवून चार साधे एलईडी भाड्याने आणावेत.

आता तारखेकडे येतो. डिसेंबर-जानेवारीतला शनिवार-रविवार हवामानाला उत्तम, कारण पंखे बंद ठेवता येतात आणि ध्वनिक्षेपकाशिवायही आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. मात्र त्या काळातील वेळ अमावास्या, म्हणजे शेतात साजरा होणारा येळवशीचा सण, आधी पंचांगात पाहून घ्यावी. येळवशीला लातूर आणि धाराशिवकडचा माणूस शेतात कोपीपाशी भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन बसलेला असतो, आणि त्याला सभागृहात बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्याच्या आदल्या दिवशीही करू नये, कारण मुले गावाकडे निघालेली असतात. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा आणि युवक महोत्सवाच्या तालमी यांचे वेळापत्रक तुम्हाला ठाऊक असतेच. कनिष्ठ महाविद्यालयाची मुले घेणार असाल तर रविवारी सकाळी शिकवणीवर्गाची चाचणी आहे का, हे मुलांना न विचारता पालकांना विचारावे. मुले नाही म्हणून सांगतात.

प्रशिक्षक पुण्या-मुंबईहून येणार असतील तर रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्याच दिवशी काढावे. एका प्रशिक्षकामागे १६ पेक्षा अधिक मुले नसावीत. मी गेल्या वर्षी प्राचार्यांच्या आग्रहाखातर २७ घेतली. मागच्या दहा जणांनी दोन दिवस केवळ टाळ्या वाजवल्या. बाके नसलेली, दरवाजा बंद होणारी खोली हवी. दरवाजा बंद होणे महत्त्वाचे आहे, कारण खिडकीतून पाहून हसणारे चार मित्र असले की आतला लाजाळू मुलगा तोंड उघडत नाही.

प्रशिक्षकांशी आधी फोनवर दोन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. पहिली भाषेची. आमची मुले मंचावर उत्स्फूर्त बोलू लागली की ‘काय करूलालास’ आणि ‘कुठं जाऊलालाव’ असेच बोलणार, उदगीरकडची मुले त्यात दख्खनी आणि कानडी मिसळणार, आणि ती बोली दुरुस्त करण्याचा मोह कोणालाही होऊ नये. दुरुस्तीची भीती आली की मूल वाक्य आधी मनात तपासून घेते आणि तपासलेले वाक्य उत्स्फूर्त राहत नाही. या खेळांचा उगमही पाहावा. शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी हे नाट्यखेळ रचले ते इतर देशांतून आलेल्या कुटुंबांच्या, घरी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांसोबत काम करताना. पुढे त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांबरोबर १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ ही विनोदी नाट्यसंस्था त्याच शहरात उभी केली. पहिल्या सकाळी मुलांना हे सांगावे, आणि त्यासोबत आपल्या तमाशातील बतावणी आणि भारुडातील सोंगे यांचीही आठवण करून द्यावी. समोरचा श्रोता पाहून पदरची वाक्ये घालणे आपल्या सोंगाड्याला कोणी परदेशातून येऊन शिकवलेले नाही, आणि हे ऐकल्यावर मुलांचे खांदे थोडे सैल होतात.

दुसरी गोष्ट लातूरची आहे. आमच्या मुलांना चार पर्यायांतून एकच बरोबर असतो आणि चुकले की गुण कापले जातात, हे इतक्या लहानपणापासून शिकवलेले असते की ‘मनात येईल ते बोल’ म्हटल्यावर ती प्रशिक्षकांकडे पाहून उत्तर बरोबर आहे का, ते चेहऱ्यावर शोधतात. त्यामुळे पहिले दोन तास प्रवेश करायला लावू नयेत. वर्तुळात उभे राहून एकेक शब्द जोडत गोष्ट रचणे, अर्थहीन भाषेत भाषण करणे आणि दुसऱ्याने त्याचा अनुवाद करणे, असे खेळ घ्यावेत, ज्यांत चुकणे शक्यच नसते. समोरच्याने जे मांडले ते स्वीकारून त्यात भर घालायची, हा ‘हो, आणि’चा नियम दुपारी आला तरी चालतो. नियम सकाळीच सांगितला तर मुले तो वहीत लिहून घेतात.

स्पर्शाबद्दल आणि विषयांबद्दल शनिवारी सकाळीच बोलावे, संकोच करू नये. कोणाला खांद्यावर हात ठेवलेला चालत नाही, कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, हे वर्तुळात न विचारता चिठ्ठीवर लिहून घ्यावे. आडनाव, जात, हयात पुढारी आणि सभागृहात उपस्थित असलेले प्राध्यापक यांवर विनोद होणार नाही, हे ठामपणे सांगावे. यावर एखादा तरुण सहकारी अभिव्यक्तीचा मुद्दा काढेल. त्याला म्हणावे की वीस सेकंदांची चित्रफीत सोमवारी गावच्या गटात फिरू लागली की उत्तर त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला द्यावे लागते, आपल्याला नाही. त्याच कारणाने प्रयोगात मोबाइलवर चित्रीकरण करण्यास मनाई असावी आणि ती सूत्रधाराने सुरुवातीलाच सांगावी.

सूत्रधार हा स्वतंत्र माणूस हवा, आणि लक्षात घ्यावे की सूत्रधार म्हणजे काळोख करणारा नव्हे. मी त्यालाच दोन्ही कामे देण्याचा विचार यंदा काही दिवस केला आणि सोडून दिला. सूत्रधार प्रेक्षकांत असतो, विषय मागत असतो, उशिरा आलेल्यांना बसवत असतो. त्याचा हात बटणावर राहू शकत नाही. त्याला विषय मागायला शिकवावे. ‘काहीही सांगा’ म्हटले की विद्यार्थी प्रेक्षक पहिल्याच फटक्यात ‘संडास’ म्हणतात, आणि त्यावर जो हशा होतो त्यानंतर प्रवेश कधीच वर येत नाही. त्याऐवजी नेमके विचारावे: तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, बसस्थानकावर कोणाला पाहून तुम्ही लपता, आजीने तुमच्यापासून काय लपवून ठेवले आहे. उत्तरे आपोआप चांगली येतात.

काळोख करणारा कोणाला करावे? उत्साही मुलगा नको, तो पहिल्याच विनोदावर बटण दाबतो. नाटकात बराच काळ काम केलेली, मंचावर जाण्याची हौस फिटलेली एखादी माजी विद्यार्थिनी सर्वांत बरी. तिने दोन्ही दिवस कार्यशाळेत बसून प्रशिक्षक टाळी कोठे वाजवतात ते टिपावे. साधारण तीन मिनिटांनंतर आलेला पहिला मोठा हशा हा काळोखाचा क्षण. तो चुकला तर पुढच्या हशावर. पाच मिनिटे झाली तर हशा नसला तरी. तिने दया दाखवू नये. कीथ जॉनस्टोन यांनी १९७७ मध्ये कॅनडातील कॅल्गरीत ‘थिएटरस्पोर्ट्स’ हा स्पर्धेचा प्रकार सुरू केला, त्यात कंटाळवाणा प्रवेश भोंगा वाजवून बंद पाडण्याचा अधिकार परीक्षकांना दिलेला आहे, आणि तो खेळणाऱ्यांना वाचवण्यासाठी आहे. माझी चार मुले एकोणीस मिनिटे मंचावर बुडत होती आणि मी त्यांना बाहेर काढू शकलो नाही, हे मला आजही लागून राहिले आहे. दिव्यांची व्यवस्था मुळीच जमत नसेल तर विंगेशी हलगीवाला बसवावा. त्याने कडकडाट केला की प्रवेश संपला, असे मुलांना आणि प्रेक्षकांना आधी सांगावे. दिवे असले तरी हलगीवाला बसवावाच, कारण वीज नेहमीच योग्य क्षणी जाईल असे नाही.

शनिवारी रात्री तीस-चाळीस मित्रांपुढे लहान प्रयोग करावा. तो मुलांसाठी कमी आणि काळोख करणारीसाठी अधिक आहे. तिने तेथे आठ-दहा वेळा बटण दाबलेले असले पाहिजे.

जेवण साधे असावे. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता, आणि चहा, कारण सुशीला पटकन होते आणि जड होत नाही; दुपारी पोळी-भाजी-वरण-भात. पुरी आणि श्रीखंड देऊ नये, गेल्या वर्षी अडीचच्या सत्रात अर्धी मुले प्रेतासारखी बसली होती आणि उरलेल्यांनी प्रेतांचेच प्रवेश केले. चाळीस माणसांना दिवसाला २० लिटरचे सहा जार पुरतात, सात सांगावेत.

रविवारी सकाळी उजळणीच घ्यावी, नवे काही शिकवू नये. प्रयोग साडेपाचला सुरू करून पावणेसातला संपवावा. मुलींच्या वसतिगृहाची वेळ आणि निलंगा, उदगीर, अहमदपूरकडच्या गाड्या पाहूनच ही वेळ ठरवली आहे, भाषणांसाठी ती वाढवू नये. पाहुण्यांचे भाषण प्रयोगाआधी, पाच मिनिटे. प्रयोगानंतर भाषण ठेवल्यास पाहुणेही उत्स्फूर्त होतात.

पाच वाजता किल्ली पाहावी. सव्वापाचला पुन्हा पाहावी. सेवकाला रात्री नऊपर्यंत थांबण्याचे लेखी पत्र, त्याचे जेवण आणि जादा वेळेचे पैसे शनिवारीच द्यावेत.

नंतरचे थोडक्यात: प्रमाणपत्रांवरील नावे मुलांकडून तपासून घ्यावीत, प्रशिक्षकांचे मानधन त्याच रात्री द्यावे, भाड्याचे दिवे मोजून परत करावेत, हिशेब आठवड्याच्या आत सादर करावा, दोन्ही किल्ल्या सोमवारी सही घेऊन सेवकाच्या हाती द्याव्यात, आणि बटणांवरच्या चिठ्ठ्या तशाच राहू द्याव्यात.