मॉलिक्युलर टेस्टला ब्लॉक पाठवण्याआधी

डोक्या-मानेच्या गाठीसाठी मॉलिक्युलर टेस्ट, म्हणजे गाठीच्या पेशींतल्या जीनची तपासणी, सांगितली की घरचे आधी लॅब शोधायला लागतात. आधी ब्लॉक शोधा. बायप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, तो ब्लॉक. तो हातात आला की त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच, खिडकीवर उभं राहून जुळवा. रिपोर्टची प्रत आणि रंगवलेल्या स्लाइड्सही मागून घ्या.

मग टेस्टचा फॉर्म. त्यावर नुसतं ‘मानेची गाठ’ लिहून चालत नाही, कारण जागेवरून टेस्ट ठरते. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी कॅन्सर असेल तर आधी पेशींतलं पी१६ हे प्रथिन पाहतात. ही जीनची नव्हे, रंगाची तपासणी. ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक रंगल्या तर कॅन्सरमागे एचपीव्ही या विषाणूचा हात आहे असं धरलं जातं. तोंडात किंवा स्वरयंत्रात मात्र पी१६ वर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. नाकामागच्या घशातली गाठ असेल तर ईबीव्ही या दुसऱ्या विषाणूसाठी ‘ईबर’ ही तपासणी करतात. मूळ कुठे ते सापडत नाही आणि मानेतच गाठ आली आहे, अशा वेळी दोन्ही विचारा. लाळग्रंथीत जोडजीन, म्हणजे दोन जीन तुटून एकमेकांना जोडले गेलेले, शोधतात, आणि तिथे ईटीव्ही६-एनटीआरके३ ही जोडी सापडली तर निदानाबरोबर औषधाचीही वाट दिसते. गालाच्या किंवा जिभेच्या नेहमीच्या स्क्वेमस (अस्तराच्या पेशींच्या) कॅन्सरचं निदान मात्र सूक्ष्मदर्शकावरच होतं. तिथे ‘टेस्ट कशासाठी?’ हे बेधडक विचारा.

बायप्सी अजून व्हायची असेल तर फारच बरं. तुकडा सलाइनमध्ये नको, १० टक्के बफर्ड फॉर्मालिन या तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात हवा, साधारण ६ ते ७२ तास. जबड्याचं हाड असेल तर आधीच सांगून ठेवा: तीव्र आम्लात हाड मऊ केलं की डीएनए तुटतो, ईडीटीए या सौम्य रसायनात बराच टिकतो. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

तुकडा तिळाएवढा असेल तर ब्लॉकचे न रंगवलेले पातळ काप एकाच बैठकीत काढून ठेवायला सांगा. ब्लॉक मशीनवर पुन्हा चढवला की पृष्ठभाग सरळ करण्यातच कितीतरी काप वाया जातात. आणि ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आत मेण आहे. पोच घ्या, त्यावर ‘ब्लॉक परत हवा’ असं लिहून घ्या.